होडीतून विचारलेला प्रश्न

मला पोहायला दादाने शिकवलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला. बाबांचा यात काडीचाही संबंध नाही. आमचे बाबा पाण्याला इतके घाबरायचे, की अंघोळीला बसले तरी बादली हातभर लांब ठेवायचे. दादाने मला गल्लीमागच्या बंद खाणीतल्या पाण्यात ढकललं आणि मी बुडतेय असं वाटून मागोमाग स्वतः उडी टाकली. मी बुडत नव्हते. हातपाय झाडत काठाला लागले आणि तो वर आल्याबरोबर त्याच्या दंडाला कडकडून चावले. तेव्हापासून तो मला ‘बेडके’ म्हणतो. आता माझे केस पिकले, चष्म्याच्या दुकानात लोक मला मॅडम म्हणतात, पण हा बाजारात दिसला की रस्त्याच्या पलीकडून ‘ए बेडके’ म्हणून ओरडणार. लाज म्हणून नाही मेल्याला.

पुढे दादा गावच्या पोहण्याच्या टँकवर शिक्षक झाला. अर्ध्या गावाला त्याने तरंगायला शिकवलं असेल. पण त्याच्या मनात एकच सल होती. तरुणपणी तो समोरच्या बेटापर्यंत खाडी पोहून जायला निघाला होता आणि बेटावरच्या घरांच्या खिडक्या दिसायला लागल्यावर त्याच्या माणसांनी त्याला होडीत ओढून घेतलं होतं. अंग काळंनिळं पडलं होतं म्हणे. त्याने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त जेवता जेवता भिंतीकडे बघत बसला, की वहिनी मला खुणावून म्हणायची, “गेले बघ बेटावर.”

तर पन्नाशी दिसायला लागली आणि मला नसती खाज सुटली. माझ्या मैत्रिणी गुडघ्याचे पट्टे विकत घेत होत्या आणि मी दादाच्या घरी जाऊन म्हटलं, “मला खाडी पोहायची आहे.” मला वाटलं, हसेल. हसला नाही. उठला, माझा डावा हात धरून खांद्यातून गोल फिरवला आणि कान लावून ऐकल्यासारखं करत म्हणाला, “हा खांदा कुरकुरतोय. डॉक्टरला दाखव. मग बोलू.” डॉक्टर म्हणाले, एवढा हंगाम ढकलेल हा खांदा, पुढचं धरून चालू नका. म्हणजे जे काय करायचं ते एकदाच.

मग दादाने मला अक्षरशः पिळून काढलं. दुकान उघडायच्या आधी टँक, रविवारी गावाबाहेरचं धरण. धरणाचं पाणी डोंगरातून येतं, त्यात पहिल्यांदा उतरले तेव्हा श्वास आत गेला तो बाहेर यायलाच तयार नव्हता. घरी गार पाण्याने अंघोळ, थंडीत खिडक्या उघड्या टाकून झोपायचं आणि वर वजन वाढवायचं. आयुष्यभर पोट आत ओढून फोटो काढले मी, आणि दादा वहिनीला सांगतोय, “हिला अजून वाढ. अंगावर मांस नसेल तर थंडी हाडं खाईल.” काखेत, मानेला, मांड्यांना व्हॅसलीनचे थर. दुकानात गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम बसवताना माझ्या बोटांना तोच वास यायचा. दुकानातली सोबतीण सगळ्यांना सांगायची, “हिचा भाऊ हिला रोज पाण्यात पाहतो.” आम्ही पोट धरधरून हसायचो.

या पोहण्याचे नियम साधे असतात. अंगावर पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा, बस. सोबत होडी असते, पण होडीला हात लावायचा नाही आणि होडीतल्या कुणी पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. एक बोट जरी लागलं तरी पोहणं बाद. खायला-प्यायला दोरीला बांधून बाटली टाकतात. हे झाले सगळ्यांचे नियम. दादाचे दोन जास्तीचे होते. किती अंतर राहिलं हे मी विचारायचं नाही, विचारलं तरी तो सांगणार नाही. आणि प्रत्येक वेळी बाटली टाकताना तो एक प्रश्न विचारणार, आमच्या लहानपणातला, उत्तर आम्हा दोघांनाच माहीत असेल असा.

“गारठलेला माणूस हात मारत राहतो गं,” तो म्हणाला, “पण डोकं आधी जातं. उत्तर चुकलं की समजायचं. एक चुकलं तर पुन्हा विचारीन. दुसरं चुकलं तर बाहेर. आणि गारठलेला माणूस भांडतोही फार. तेव्हा तू भांडलीस तर मी ऐकणार नाही.”

“मी तर एरवीही भांडते,” मी म्हटलं.

“म्हणून तर आधीच सांगतोय.”

मला ते नाटक वाटलं होतं. पण धरणावर एका रविवारी त्याने होडीतून विचारलं, “आई कुठे आहे?” आणि मी म्हटलं, “स्वयंपाकघरात.” आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मला मात्र त्या क्षणी ती खरंच स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाजसुद्धा येत होता. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं, आणि त्याने मला बखोटीला धरून वर ओढलं. स्वतःचा स्वेटर काढून माझ्यावर घातला आणि माझे तळवे चोळत बसला. दात वाजत होते तरी मला त्याचे डोळे भरलेले दिसले. त्या दिवशी मी त्याला शब्द दिला. होडीतून तू बस म्हणालास की बस.

आता वाटतं, तेव्हाच्या काही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. त्याने एकाच फेरीत तोच प्रश्न दोनदा विचारला, मला वाटलं माझी परीक्षा बघतोय. एकदा बाटलीत साखरेऐवजी मीठ निघालं. मी तोंडातलं पाणी थुंकून ओरडले, “मारतोस का काय!” आणि दोघंही हसलो. वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या धरणाच्या रस्त्यावर तो भलत्याच वळणाला वळला, म्हणाला, तुझ्या बडबडीने. माझी बडबड जगजाहीर आहे, मी मान्य केलं. वहिनीने मात्र हसणं सोडलं होतं. ती बाटल्या स्वतः भरायला लागली, कुठली कधी द्यायची ते कळावं म्हणून त्यांना रंगीत दोरे बांधायला लागली. मी म्हटलं, “वहिनी, तुम्हीच या ना होडीत.” ती म्हणाली, “मला होडी लागते गं,” आणि तोंड फिरवून आत गेली.

खाडीच्या दिवशी पहाटे समुद्र नुसता पसरलेला होता, लाट म्हणून नाही. होडीत होडीवाला, दादा आणि नियम पाळले जातात की नाही हे बघायला आलेल्या निरीक्षक बाई. बाईंच्या चेहऱ्यावर हसू शोधायला दुर्बीण लागली असती. मी पाण्यात शिरले. थंडी वाजली, मग वाजेनाशी झाली. दादाची शिट्टी झाली की थांबायचं, बाटली घ्यायची, उत्तर द्यायचं, पुन्हा हात मारायचे. शाळेतल्या बाकावर माझ्या शेजारी कोण बसायचं? आईचा चष्मा कुणी फोडला? (त्यानेच. मी मार खाल्ला.) उत्तरं फटाफट येत होती. खांदा ठणकत होता, पण ऐकत होता. अर्ध्याहून जास्त अंतर गेलं असावं, कारण बेट आता नुसता डाग राहिलं नव्हतं. हिरवं दिसत होतं. मग पांढरे ठिपके दिसायला लागले, आणि मला कळलं, ही घरं. मी पाण्यात तोंड घालून रडले. पाण्यात रडायचं सोयीचं असतं, कुणाला कळत नाही.

शिट्टी झाली. मी उताणी होऊन तरंगले.

“खाणीच्या रस्त्यावर काय होतं,” दादाने विचारलं, “लाकडाची वखार, का सायकलचं दुकान?”

“सायकलचं दुकान.”

“चूक.”

दुकान होतं की रे. बाहेर चाकं टांगलेली असायची. पण डोकं आधी जातं, हे त्यानेच सांगितलं होतं. स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाजही मला असाच खरा वाटला होता. “वखार असेल मग,” मी म्हटलं, आणि माझ्या आवाजातली शंका मलाच आवडली नाही.

निरीक्षक बाई पुढे वाकल्या. दादा म्हणाला, “आता नीट सांग हं. तुला पोहायला कुणी शिकवलं?”

मला हसू आलं. म्हटलं, आला बिचारा मदतीला, सोप्यात सोपा प्रश्न दिला. “तूच की रे! अजून कोण?”

त्याचा चेहरा पडला. त्याने मान हलवली आणि बाईंकडे वळून म्हणाला, “आमच्या वडिलांनी शिकवलं. चुकतेय ती.”

मग माझा पारा जो चढला! मी ओरडले, बाबांना पाण्याची भीती होती म्हणाले, खाण म्हणाले, दंड बघ तुझा म्हणाले, दातांची खूण असेल अजून. जितकं ओरडले तितकी बाईंची खात्री पटत गेली, कारण गारठलेला माणूस भांडतो हे दादाने त्यांनाही सांगून ठेवलं होतं. होडीवाल्याने इंजिन बंद केलं. मी म्हटलं, “दादा, हात लावू नकोस. पाया पडते तुझ्या. घरं दिसताहेत मला.” तो म्हणाला, “बेडके, शब्द दिला होतास,” आणि वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला. झालं. संपलं.

होडीत मी कुडकुडतसुद्धा नव्हते. बाईंनी माझी नाडी बघितली, डोळ्यांत बघितलं, मला आजचा वार आणि माझं पूर्ण नाव विचारलं. मी दोन्ही सांगितली. त्यांनी एकदा दादाकडे बघितलं, मग समुद्राकडे.

धक्क्यावर माझं तोंड सुटलं. आधीच माझ्या जिभेला हाड नाही. “स्वतःला जमलं नाही म्हणून मला पोचू दिलं नाहीस,” मी म्हटलं. “बहीण पुढे गेलेली बघवली नाही तुला. खोटं बोलायचं तर धड तरी बोलायचं, बाबांचं नाव कशाला घेतलंस?” तो टॉवेल पुढे करून म्हणाला, “अंगावर घे, वारं आहे.” मी टॉवेल त्याच्या अंगावर फेकला आणि निघून आले.

त्यानंतर आमच्यात बोलणं बंद. माझ्याकडून बंद, त्याच्याकडून काय ते मी बघायलाच गेले नाही. खांदा त्या हंगामापुरताच होता, तो बसला. दुकानात वरच्या फळीवरची फ्रेम काढायची तर सोबतिणीला हाक मारावी लागायची. ‘पाण्यात पाहतो’ हा विनोद तिने पुन्हा केला नाही. एकदा बाजारात दादाच्या शेजारचा शिंपी भेटला आणि म्हणाला, “अभिनंदन हो! बेट गाठलंत म्हणे.” मला वाटलं, खिजवतोय. मी त्याला असं काही फाडून खाल्लं, की त्याच्या हातातली पिशवी पडली.

एका दुपारी वहिनी दादाला घेऊन दुकानात आली. मी काउंटरच्या मागे मान खाली घालून फ्रेम पुसत बसले. वहिनी म्हणाली, “यांना पेपर वाचता येत नाही. नंबर बदलला असेल. बघतेस का?” मी गिऱ्हाईकाला म्हणावं तसं म्हटलं, “बसा खुर्चीवर.”

त्याने तक्त्यावरची सगळ्यांत खालची ओळ घडाघडा वाचली. चष्मा अगदी बरोबर होता. मी पेपर हातात दिला, तोही वाचला. मग पेपर मांडीवर ठेवून हळूच म्हणाला, “शब्द दिसतात गं. पण ओळ संपेपर्यंत सुरुवात कुठेतरी जाते.”

मी अजूनही फुगलेलीच होते. म्हटलं, काहीतरी कारण काढून समेट करायला आलाय. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, आणि दादा खुर्चीतून उठून त्याला म्हणाला, “ही माझी बहीण. खाडी पोहून गेली ही. मी होतो ना होडीत! बेटावर उभी राहिली आणि असे दोन्ही हात वर केले.” त्याने स्वतःचे दोन्ही हात वर करून दाखवले. त्याचं तोंड असं फुललं होतं, की गिऱ्हाईकाने टाळ्या वाजवल्या. बाहीतून दंड उघडा पडला होता. दातांची खूण काही नव्हती, कधीच बुजली असणार.

मी समोरच्या आरशात वहिनीकडे बघितलं. तिने नजर खाली वळवली.

मागच्या खोलीत, काचांच्या खोक्यांमध्ये, ती रडत म्हणाली, “त्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, बेडकी पोचली. तेव्हापासून साऱ्या गल्लीला हेच सांगतात. मी तरी कुणाकुणाला खोटं पाडू?”

“तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“शंका होती. मिठाच्या वेळेपासून.”

“आणि मला बोलला नाहीत!”

“बोलले असते तर तू त्यांना होडीत घेतलं असतंस?”

नसतं घेतलं. दुसऱ्या कुणाला तरी घेतलं असतं, आणि दादा धक्क्यावर उभा राहून होडी लहान होत जाताना बघत बसला असता. “पण माझं काय, वहिनी?” मी म्हटलं. “मला एकदाच मिळणार होतं ते. घरं दिसत होती हो मला.” ती म्हणाली, “माहितीये गं,” आणि माझा दुखरा खांदा दाबत राहिली. मला तिचा राग आला होता, अजूनही कधी कधी येतो. पण त्याहून जास्त मला त्या महिन्यांचं वाईट वाटतं. तो रोज थोडा थोडा जात होता, आणि मी माझ्या घरात खोट्या रागाला कुरवाळत बसले होते. तेव्हाच्या दादाला अजून कितीतरी आठवत होतं. खाणीतलं पाणीही कदाचित आठवलं असतं. आता ते विचारायलाही उशीर झाला. धक्क्यावर मी त्याला जे बोलले ते तो विसरला, हे माझं नशीब म्हणायचं का, तेही मला ठरवता येत नाही.

आता रविवारी मी त्याला टँकवर नेते. उथळ बाजूला पायऱ्यांवर तो पाय पाण्यात सोडून बसतो. गळ्यात शिट्टी हवी असते, वहिनी आठवणीने घालते. मी एका हाताने, कशीबशी, भिंतीपासून भिंतीपर्यंत जाते. लहान मुलं माझ्या पुढे निघून जातात. मनात आलं की तो शिट्टी वाजवतो, बाटली पुढे करतो आणि प्रश्न विचारतो. त्याची सवय शाबूत आहे, उत्तरं मात्र रोज बदलतात. कधी आई स्वयंपाकघरात असते. मी म्हणते, हो, आहे.

मागच्या रविवारी शिट्टी वाजली. मी जाऊन त्याच्या गुडघ्याशी थांबले. तो वाकला, डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं, होडीतून बघायचा तसंच.

“बेडके, नीट सांग हं. तुला पोहायला कुणी शिकवलं?”

‘तूच की रे’ तोंडात आलं होतं, ते मी गिळलं.

“बाबांनी,” मी म्हटलं.

“बरोबर!” तो खुशीत म्हणाला. बाटली माझ्या हातात दिली आणि पलीकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं. “जा आता. थोडंच राहिलंय.”